जुलैची ताटली

अल मनखूल, दुबई
शनिवार, १२ ऑक्टोबर १९९६

चि. मुग्धा,

आशीर्वाद सुरुवातीलाच देऊन ठेवते, शेवटी कागद उरत नाही.

फोन केला नाही, कारण फोनवर तू आत्याला 'हो, हो' म्हणतेस आणि करत काहीच नाहीस. पत्राला उत्तर लिहावं लागतं. हे निनादच्या ऑफिसच्या पोस्ट बॉक्सवर येईल. त्याने ते चार दिवस बॅगेतून फिरवू नये.

मी जुमेराला एका फ्रेंच घरी गणित शिकवायला जाते, हे तुला माहीत आहे. मुलगी क्लेअर, चौदा वर्षांची. भूमितीत कच्ची, बोलण्यात पक्की. तिची आई मादाम रूसेल. त्यांच्या जेवणघराच्या भिंतीवर अकरा ताटल्या टांगल्या आहेत. मला इतके दिवस त्या चिनी मातीच्या वाटत होत्या. परवा मादामनी एक उतरवून हातात दिली, तर ती तांब्याची निघाली आणि वरून मीना. काळ्याभोर चकाकत्या काचेवर पांढऱ्या-करड्या रंगात माणसं काढली आहेत, इतकी बारीक की म्हातारीच्या हातावरच्या शिरा मोजाव्यात. कडेने सोनेरी वेल. फ्रान्समधल्या लिमोज गावात चारशे वर्षांपूर्वी अशी भांडी होत. या त्यांच्या नकला, मादामच्या पणजीच्या काळातल्या. नकला आहेत हे त्यांनी आपण होऊन सांगितलं, म्हणून बाई मला आवडतात.

"यात जेवता कधी?" मी विचारलं. "कधीच नाही. त्या काळीही बहुधा नाहीच. पाहुण्यांनी बघायचं," त्या म्हणाल्या. ताटली घडवायची आणि तिच्यात वाढायचं नाही, हे मला पटलेलं नाही. ते असो.

बारा महिन्यांच्या बारा ताटल्या, प्रत्येकीवर त्या महिन्यातलं शेतकऱ्याचं काम. जुलैची जागा रिकामी. आधीच्या मुक्कामाहून, जिबूतीहून सामान आलं तेव्हा खोक्यातून अकराच निघाल्या.

आता मुद्दा. तू मुंबईत पाच वर्षं मीनाकाम शिकलीस, पदक मिळवलंस आणि गेली चार वर्षं रुवैसच्या कंपनी-वसाहतीत लेकीचे, ओवीचे डबे भरते आहेस. मादामची एक मैत्रीण अबूधाबीत बायकांसाठी हस्तकलेचं केंद्र चालवते. तिला एप्रिलपासून मीनाकाम शिकवणारी बाई हवी आहे, आठवड्यातून दोन दिवस. मादाम म्हणाल्या, तुमच्या भाचीने जुलै करून दिला आणि तो या रांगेत शोभला, तर फेब्रुवारीअखेर शिफारसपत्र मी लिहीन.

तू करशील असं मी सांगून टाकलं आहे. आठ दिवसांत उत्तर.

विभावरीआत्या

*

रुवैस
शुक्रवार, २५ ऑक्टोबर

ती. आत्या,

नमस्कार. तेरा दिवसांनी उत्तर लिहिते आहे. त्यातले पाच दिवस निनादच्या बॅगेचे, बाकीचे माझे.

तुझं पत्र वाचलं आणि कपाटावरची माझी ट्रंक खाली काढली. काळ्या मीन्याचा डबा जवळजवळ भरलेला आहे. पांढरा अर्ध्याहून कमी. ओवीने विचारलं, "आई, इज धिस पॉयझन?" मी म्हटलं, काचेची पूड आहे, हात लावू नकोस. "सो इट इज पॉयझन," म्हणाली.

भट्टीचा प्रश्न होता. इथल्या फ्लॅटमध्ये साधा ओव्हन लावला तरी मजल्याची लाइट जाते. पण कंपनीच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये एक छोटी फर्नेस आहे. तिथले इन्स्ट्रक्टर गनीभाई, हैदराबादचे. निनादने रीतसर अर्ज केला. मॅनेजरने सही केली आणि गनीभाईंनीही होकार दिला: "गुरुवारी दुपारनंतर सेंटर रिकामंच असतं, मॅडम. इन्शाल्ला, आग तुमची, जबाबदारी माझी."

खरं सांगू? हात थरथरतो आहे. चार वर्षांत ब्रश धरला तो ओवीच्या स्कूल प्रोजेक्टसाठी. पण ही नोकरी मला हवी आहे, आत्या. इथे सगळ्या मला 'निनादची मिसेस' म्हणतात. चांगल्या आहेत सगळ्या, पण माझं नाव विचारलेलं मला आठवत नाही.

जुलैच्या ताटलीवर नेमकं काय होतं, ते मादामना विचारून कळव.

तुझी
मुग्धा

*

अल मनखूल
२ नोव्हेंबर

चि. मुग्धा,

हात थरथरत असेल तर रोज पोळ्या लाटण्याआधी अर्धा तास रेघा मार. उपाय सोपा आहे, रडगाणं नको.

मादामना विचारलं. त्यांनी ती ताटली शेवटची पाहिली त्याला दहा वर्षं झाली. पण आठवतं ते असं: शेतात सगळे वाकलेले, बायका-पुरुष दोन्ही, बायकांची डोकी झाकलेली, हातात गवताच्या जुड्या.

म्हणजे भातलावणी. तू वेळणेश्वरला आलीस ती फक्त मे महिन्यात, आंबे खाल्लेस आणि परत गेलीस. जुलै तुला माहीत नाही, म्हणून नीट लिहिते. खाचरात नडगीभर पाणी. एका बाजूला भिकाजी बैल घेऊन चिखल करतो आहे, त्याच्या पोटऱ्या दिसत नाहीत इतका चिखल. त्याच्यामागे बायकांची रांग. सगळ्या मागे मागे सरत लावतात, पुढे नाही, हे विसरू नकोस, नाहीतर लावलेलं तुडवलं जाईल. डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या हाताच्या तीन बोटांनी रोप खोचायचं. पाठीवर इरली, पानांची आणि बांबूची, डोक्यापासून कमरेपर्यंत. पाऊस सरळ पडत नाही, समुद्राकडून तिरका येतो. बांधावर पेजेचं मडकं झाकून ठेवलेलं. रांगेतली एक तरी बाई कमरेवर हात ठेवून सरळ उभी असते, कारण पाठ मोडून येते. ती मी असायची आणि तुझी आजी मला हाक मारायची.

एवढं पुरे.

विभावरीआत्या

*

रुवैस
२० नोव्हेंबर

ती. आत्या,

तांबं घोटून ताटली तयार झाली. तुझ्या पद्धतीने चिंच-मीठ लावून घासली. गनीभाईंनी वास घेतला आणि म्हणाले, "मॅडम, दाल में डालने वाले हैं क्या?"

पण पहिली ताटली वाया गेली. मागच्या बाजूलाही मीना लावावा लागतो, नाहीतर थंड होताना तांबं एकीकडे ओढतं. मी पूड वाचवायला मागचा थर पातळ दिला. टेबलावर ठेवली तर डोसा उलटल्यासारखी एक कड वर. चूक माझीच. आता पांढरा जेमतेम एका ताटलीपुरता उरला आहे.

म्हणून सुरू करण्याआधी विचारते. आत्या, फ्रान्समध्ये इरली असतात? ती मादामच्या ताटलीवर नक्की होती? आणि पाणी? शेतात नडगीभर पाणी होतं, असं मादाम म्हणाल्या का? एकदा विचारून घेशील?

मुग्धा

*

अल मनखूल
२६ नोव्हेंबर

चि. मुग्धा,

शेतकरी सगळीकडे शेतकरीच. पाऊस लागला की फ्रेंच माणूसही पाठीवर काहीतरी घेणारच. एकाच गोष्टीसाठी मी बाईंना तीनतीनदा छळणार नाही.

<u>सांगितलंय तसं काढ.</u>

विभावरीआत्या

*

रुवैस
शुक्रवार, ३ जानेवारी १९९७

ती. आत्या,

झाली. निनादचे कलीग उद्या दुबईला येत आहेत, त्यांच्याबरोबर पाठवते आहे. टॉवेलात आहे, टॉवेल परत नको.

कशी केली ते सांगते. आधी दोन्ही बाजूंनी काळा मीना. मग त्यावर पांढऱ्याचा अगदी पातळ थर. ओला असतानाच सुईने खरवडून रेघा काढायच्या, म्हणजे खालचा काळा दिसतो. मग भट्टी, चार पापड भाजायला लागतो तेवढाच वेळ, पण आठशे डिग्रीला. बाहेर आलं की जिथे पांढरा पातळ तिथे करडा दिसतो, जाड तिथे उजळ. पुन्हा थर, पुन्हा भट्टी. इरल्यांवरची पानं चौथ्या वेळी उमटली. पाऊस नवव्या वेळी. अकरा वेळा आत गेली. प्रत्येक वेळी गनीभाई घड्याळ धरून उभे. "यल्ला मॅडम, दो मिनट दस," आणि मी दार उघडायची. रमझान सुरू व्हायच्या आत खलास करायचं, असं त्यांनी ठरवलं होतं आणि तसंच झालं.

पांढरा संपला. डबा पुसून शेवटचा चिमूटभर त्या कमरेवर हात ठेवलेल्या बाईच्या कपाळाला लावला.

पुन्हा करता येणार नाही, आत्या. आता जे व्हायचं ते हिच्यावरच.

मुग्धा

*

अल मनखूल
१६ जानेवारी

चि. मुग्धा,

ताटली पोचली. काम स्वच्छ आहे. भिकाजीचे बैल थोडे जास्त धष्टपुष्ट झाले आहेत, आमचे एवढे नव्हते. पाऊस बरोबर दिशेने पडतो आहे.

यांनी चष्मा लावून अर्धा तास पाहिली आणि म्हणाले, ही कोणाला देऊ नकोस. यांचं ऐकायचं झालं तर घरातून जुनं वर्तमानपत्रसुद्धा बाहेर जाणार नाही.

मादाम नाताळसाठी फ्रान्सला गेल्या, त्या अजून आल्या नाहीत. आल्या की बघू.

विभावरीआत्या

*

रुवैस
५ फेब्रुवारी

ती. आत्या,

वीस दिवस झाले. मादाम आल्या का? फोन केला तर काकांनी उचलला. "तुझी आत्या बाथरूममध्ये आहे," म्हणाले, आणि मागून मला तुझा आवाज ऐकू आला.

आवडली नसेल तर तसं सांग. मी ऐकून घेईन. फेब्रुवारीअखेर आलीच. निनाद विचारत नाही, पण कॅलेंडर बघतो. गनीभाई विचारतात, ओवी विचारते. परवा मैत्रिणीला सांगत होती, "माय मदर मेड अ प्लेट अँड नाऊ शी इज सॅड."

मुग्धा

*

अल मनखूल
१५ फेब्रुवारी

चि. मुग्धा,

हे पत्र बसून, शांतपणे वाच.

मी तुला खोटं कळवलं. मादाम १० जानेवारीलाच परत आल्या होत्या. १३ तारखेला तुझी ताटली पिशवीत घालून मी त्यांच्याकडे गेले. टॅक्सीला पंधरा दिरहम, म्हणजे दीडशे रुपये, पण बसच्या धक्क्यांत ती नेणं मला जमेना. दारातच मादामनी एक जाडजूड पुस्तक माझ्या हातात ठेवलं. पॅरिसहून तुझ्यासाठी आणलेलं. "उशीर झाला, पण भाचीला उपयोग होईल," म्हणाल्या. अशाच ताटल्यांचे फोटो. मी तिथेच जुलैचं पान काढलं.

कोरडं ठाक शेत. डोक्यावर ऊन. लांब दांड्याच्या कोयत्यांनी माणसं गवत कापत आहेत, बायका ते गोळा करत आहेत, एक जण सुरई तोंडाला लावून पाणी पितो आहे. पाण्याचा थेंब काय तो तेवढाच.

पिशवीतली ताटली मी बाहेर काढली नाही. क्लेअरला त्रिकोण शिकवले, चुकीचे शिकवले असावेत, आणि पुस्तक आणि ताटली दोन्ही घेऊन घरी आले.

मादाम मला फक्त वाकलेली माणसं, झाकलेली डोकी आणि गवताच्या जुड्या एवढंच म्हणाल्या होत्या. पाणी माझं, इरली माझी, पेज माझी. तू दोनदा विचारलंस आणि मी तुला गप्प बसवलं. आयुष्यभर मुलींना सांगत आले, पुराव्याशिवाय लिहू नका. आणि तुझी नोकरी मी माझ्या आठवणीवर उधळून टाकली. हे तुला सांगायला एक महिना लागला, याची मला लाज वाटते.

काल गेले. ईदची सुटी संपली होती, पण शुक्रवार म्हणून मादामचे यजमान मुसू रूसेलही घरी होते. मी आधी सगळं सांगितलं आणि मग ताटली टेबलावर ठेवली. "यात भाचीची चूक नाही. मी तुमच्या शेतात माझं शेत घुसवलं."

मादामनी चित्र पाहिलंच नाही. ताटली आधी पालथी केली. मागच्या मीन्यावरून बोट फिरवलं, कड डोळ्यांजवळ नेली, टेबलावर ठेवून डुगडुगते का ते पाहिलं. मग सुलट केली.

क्लेअर म्हणाली, "यांच्या पाठीवर कासवं का आहेत?"

मी इरलं समजावलं.

मुसू म्हणाले, "आमचे शेतकरी जुलैत इतका वेळ पाण्यात उभे राहिले असते तर आजारी पडले असते."

"आमचेही पडतात," मी म्हटलं. "पण लावलं नाही तर खायचं काय?"

मादाम हसल्या. मग स्पष्ट म्हणाल्या, "हा जुलै नाही. या रांगेत मी हा टांगू शकत नाही." मी म्हटलं, बरोबर आहे. निघायला उठले तर म्हणाल्या, "बसा. पत्र लिहायचं आहे." आणि माझ्यासमोर अबूधाबीला शिफारसपत्र लिहिलं. मी वाचलं. शेवटचं वाक्य असं: 'ही बाई तिला सांगाल ते निर्दोष करते, म्हणून तिला नीट सांगा.'

ते टोमणा म्हणून माझ्यासाठी आहे, आणि मी ते घेतलं आहे. मुलाखत ४ मार्चला, सकाळी दहाला. ताटली सध्या त्यांच्याकडे आहे.

मला माफ कर, असं मी सहसा लिहीत नाही. लिहिलं आहे.

विभावरीआत्या

*

रुवैस
२२ फेब्रुवारी

ती. आत्या,

पत्र तीनदा वाचलं. आता मलाही बसून, शांतपणे लिहायला हवं.

मला माहीत होतं.

माझ्या कॉलेजच्या वहीत अशा बारा ताटल्यांची टिपणं आहेत. सातव्या चौकोनाखाली माझ्याच अक्षरात आहे: 'जुलै, गवतकापणी, कोरडं.' ट्रंक उघडली त्याच दिवशी ती वही सापडली. मग तुझं २ नोव्हेंबरचं पत्र आलं.

आधी हसले. आत्याने फ्रान्समध्ये भिकाजी नेऊन उभा केला. मग पत्र ओट्याशी उभं राहून पुन्हा वाचलं आणि पोळी करपली. मला ती रांग दिसत होती. मागे सरणारी. चार वर्षांत पहिल्यांदा मला काय काढायचं ते कळलं होतं. गवतकापणी मी केली असती आणि ती ठीक झाली असती. नक्कलेची नक्कल.

तरी पुन्हा विचारलं. तू 'नाही गं, हे माझंच' म्हणाली असतीस तर मी गवत काढलं असतं. तू खाली रेघ मारून लिहिलंस, सांगितलंय तसं काढ. मला परवानगी हवी होती, ती मिळाली. वर चूक झालीच तर ती तुझ्या नावावर जाणार होती, हेही मनात होतं. आत्या, ते वाईट केलं. तू महिनाभर इतकी तळमळशील असं वाटलं नव्हतं. तुला कशाचंच काही वाटत नाही, अशी मी आपली समजूत करून घेतली होती.

मुग्धा

*

अल मनखूल
२८ फेब्रुवारी

मुग्धा,

'चि.' मुद्दाम गाळलं आहे.

महिनाभर माझं जेवणात लक्ष नव्हतं. यांनी डॉक्टरकडे नेण्याचा घाट घातला होता. आणि तू माझी रेघ ढाल म्हणून वापरत होतीस. हुशार आहेस, तुझ्या बापावर गेली आहेस.

आता ऐक. शिफारसपत्रात 'सांगाल ते करते' असं लिहिलं आहे आणि ते खरं नाही. खोट्या कागदावर नोकरी घ्यायची नाही. ४ तारखेला मुलाखतीत पहिलं वाक्य हेच बोलायचं की मला खरा जुलै माहीत होता आणि मी माझ्या मनाचा केला. नोकरी गेली तर गेली. मला ती तुझ्यापेक्षा जास्त हवी आहे, तरी लिहिते.

दुसरं. मादामना गवताची ताटली करून द्यायची. कबूल केलं होतं. पांढरा मीना मुंबईहून मागवला आहे. शेजारच्या छायाचा दीर १० तारखेला येतो आहे, त्याच्या सामानातून येईल.

तिसरं. ती रांगेतली सरळ उभी बाई तू मला दाखवलीस, तेव्हा मी यांच्यासमोर पदर डोळ्यांना लावला. हे तुला कळवण्याची गरज नव्हती, पण आपलं दोघींचं खरं लिहिण्याचं चाललं आहे.

आत्या

*

रुवैस
शुक्रवार, २५ एप्रिल

ती. आत्या,

सहा वर्ग झाले, म्हणून आता सविस्तर लिहिते. फोनवर तू 'बरं' म्हणून ठेवून दिलास.

मुलाखतीत पहिलं वाक्य तेच बोलले. केंद्राच्या बाई लेबननच्या आहेत, साठीच्या. त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे तुम्हाला बरोबर काय ते कळतं आणि तरी तुम्ही स्वतःचंच खरं करता?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "अशा तीस जणी माझ्या वर्गात आहेत. त्यांना सांभाळायला तशीच बाई हवी. पण हबीबती, मला फसवू नका. एकदा चालतं."

गवताची ताटली मागच्या सोमवारी मादामकडे टांगली गेली, ते तू पाहिलंसच. चांगली आहे. बाराही आता एका रांगेत. भाताची ताटली मादामनी परत दिली नाही. गनीभाईंनी विचारलं, "वो बारिश वाली किधर गयी?" मी म्हटलं, फ्रेंच लोकांकडे. म्हणाले, "फिर तो वापस नहीं आती." क्लेअरकडून कळलं, ती स्वयंपाकघरात आहे आणि तिच्यात रोज चेरी आणि जर्दाळू ठेवतात. म्हणजे आत्या, वापरतात.

कंपनीची बस पहाटे पाचला निघते. निनाद ओवीचा डबा भरतो. तिने त्याला ग्रेड दिली आहे, 'बी मायनस'. बसमधली एक बाई काल म्हणाली, "तुम्ही मुग्धा मॅडम ना? माझी मुलगी तुमच्या वर्गाला येते."

वर्गात मी पहिलंच काम दिलं: एक ताटली, तुमच्या घरचा जुलै. कोणी खजुराचे घोस काढले, कोणी शारजाची गच्ची. मागच्या बाकावरच्या शहनाझने कागद कोराच ठेवला. सोन्याचं घड्याळ, नखांना मेंदी, तोंड वाकडं. "मिस, इन जुलै वी आर नॉट हिअर. वी गो टू लंडन."

मी म्हटलं, मग ते काढ.

तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं, थट्टा करते आहे का म्हणून. मग कागद ओढला. विमानाच्या खिडकीपाशी बसलेली तिची आजी काढते आहे. तोंडावर बुरखा, मांडीवर खजुरांचा डबा दोन्ही हातांनी धरलेला, कारण तिला तिथलं काही खाववत नाही. खिडकीबाहेर नुसते ढग. हात कच्चा आहे, पण आजीने डबा कसा घट्ट धरला आहे ते तिला बरोबर दिसलं आहे. करड्या ढगांपुढे काळा बुरखा उठून दिसेल असा कसा काढायचा, ते तिला येत्या मंगळवारी दाखवणार आहे.

तुझी
मुग्धा